काचेच्या कपाटातला चेंडू

२६ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठी माणसं लिहितात, म्हणून मीही लिहिणार.

कॉलेजात आज सभा झाली. टॅलमन कॉलेज परवापरवापर्यंत फक्त मुलींचं होतं. मुलगे घ्यायला लागले तरी मुलगे येईनात. मुख्य इमारतीत पुरुषांचं बाथरूम अजून एकच आहे आणि तेही तळघरात. म्हणून प्रेसिडेंटबाईंनी जाहीर केलं की यंदापासून आपली मुलांची लॅक्रॉस टीम, जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या त्या खेळाची. फेब्रुवारीत पहिली मॅच. कॉलेजचा पहिला गोल जो मारेल त्याचा चेंडू दिवाणखान्यासारख्या त्या मोठ्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवणार, खाली पितळी पाटी, पाटीवर नाव. कपाटात आत्तापर्यंत तिरंदाजीचा एक जुना कप आणि मेलेल्या डीनबाईंचे हातमोजे होते. ते हलवलेसुद्धा.

पाटीवर नाव कोणाचं याचा निकाल मी सभेतच लावला. रसेल टिंकहॅम. बघायलाही चांगलं दिसतं.

घरी हॉलमध्ये फळी आहे. तिच्यावर माझा भाऊ क्लेटन याच्या कुस्तीच्या ट्रॉफ्या. माझं सहावीतलं रोज शाळेत हजर राहिल्याचं सर्टिफिकेट होतं, ते सारखं पडायचं म्हणून आईने घड्याळाच्या मागे खोचलं. आई म्हणते, आहे ना बाबा, तिथेच आहे. असेल.

२ सप्टेंबर

कोचला भेटलो. विल्कोव्स्की नाव, सगळे विल्क म्हणतात. वयाने माझ्याहून थोडाच मोठा, टोपी उलटी घालतो. आधी खेळलायस का, असं विचारलं. म्हटलं, शाळेत खेळलोय. हे खरं आहे. पीटीच्या तासाला एक महिना लॅक्रॉस होतं, त्यातल्या बऱ्याच दिवशी माझा घोटा दुखत होता तरी मी मैदानाच्या कडेला हजर होतो.

कोच म्हणाला, ठीक आहे, मला माणसं हवीच आहेत. मला घेतलं. माझ्या तब्येतीवर नजर टाकून खूश झाला असावा, कारण काही बोलला नाही.

निश्चय: रोज सकाळी उठून पळणे.

३ सप्टेंबर

पाऊस होता. खिडकीतून वाटला.

९ सप्टेंबर

टीमला गोलकीपर मिळेना. कुठल्या शहाण्या माणसाला तो घट्ट रबरी चेंडू अंगावर घ्यायला आवडेल? मी ओटिसला पटवलं. ओटिस फेनर, माझा रूममेट, कॉलेजच्या बँडमध्ये ट्युबा नावाचा अजस्र पितळी कर्णा वाजवतो, देहही साधारण ट्युबाच्याच मापाचा. त्याला पळायचा भयंकर कंटाळा. बसमध्ये चढतानासुद्धा तो ड्रायव्हरला थांबायची खूण करून सावकाश येतो.

त्याला म्हटलं, अरे, गोलकीपरला अजिबात पळावं लागत नाही. जन्मभर एका जागी उभं राहायचं. तो म्हणाला, नक्की? म्हटलं, शब्द देतो. तो म्हणाला, मग चालेल, पण पळायला लागलं तर तुझं नाव सांगेन.

माणसं जोडण्याची कला उपजत असावी लागते. कोचने पाठ थोपटली. ओटिसची.

१६ सप्टेंबर

आज टीममधल्या नव्या पोरांना खेळ समजावून सांगितला. बरीचशी पहिल्या वर्षाची, अगदी कोवळी. एक मार्लन प्रिंटप नावाचा आहे, नायगाऱ्याकडच्या टस्कारोरा या मूळ अमेरिकन जमातीच्या वस्तीतला. शांत वाटला, म्हणून त्याला बाजूला घेऊन जास्त वेळ दिला. ही काठी, हिच्या टोकाला ही जाळी, जाळीत चेंडू झेलायचा, जाळीतूनच फेकायचा, हाताने धरायचा नाही. हा खेळ फार जुना आहे, तुझ्या लक्षात येईल हळूहळू. तो शेवटपर्यंत ऐकत उभा होता. मग म्हणाला, छान सांगितलंस, आजोबांना सांगायला हवं.

नंतर ओटिसने सांगितलं की हा खेळ मार्लनच्या लोकांनीच काढला, शेकडो वर्षांपूर्वी. आणि मार्लन चालायला लागल्यापासून खेळतोय. बरं मग? खेळणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. त्याच्या आजोबांना एका बाहेरच्या माणसाचा दृष्टिकोन मिळेल.

१९ सप्टेंबर

अडचण एकच. चेंडू माझ्या जाळीत राहत नाही. झेलतो, दोन पावलं जातो आणि चेंडू गायब. काठीचा दोष. कारखान्यात कोणी मन लावून काम करत नाही हल्ली.

२२ सप्टेंबर

प्रश्न सुटला. जाळीच्या दोऱ्या मी स्वतः सैल केल्या. आता अशी खोल झोळी झाली आहे की चेंडू आत गेला की गेला. काठी उलटी केली, हलवली, तिच्यासकट जिना उतरलो, चेंडू हूं की चूं करत नाही. एवढी साधी गोष्ट जगात कोणाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं.

मार्लनने बघितली. म्हणाला, यात माझा भाचा झोपेल. मग जरा नीट बोलला. म्हणाला, अरे, इतकी खोल चालत नाही. चेंडू झोळीत ठेवून रेफरी काठी डोळ्यासमोर आडवी धरतो. चेंडू कडेच्या पार खाली गेला आणि मधून उजेड दिसला की काठी बाद. गोल मारला की हटकून तपासतात. दे इकडे, जेवणाआधी ताणून देतो.

दिली नाही. त्याचा स्वभाव चांगला आहे, पण थोडी असूया असणारच.

३० सप्टेंबर

कॅप्टनची निवडणूक. मी टीममध्ये वयाने मोठा, कॉलेजात तिसरं वर्ष, शिवाय ओटिस मी आणलेला. भाषण लिहून नेलं होतं, पण कोच म्हणाला, भाषणं नकोत, चिठ्ठ्या टाका.

मार्लन निवडून आला. मला एक मत. म्हणजे ओटिसने दिलं नाही. विचारल्यावर म्हणाला, मार्लनला दिलं, तो बरा खेळतो ना. लोकशाहीत हे असंच चालतं. सध्या मी स्वतःला टीमचा आत्मा समजतो. आत्म्याला मतदान लागत नाही.

७ ऑक्टोबर

निश्चय: रोज भिंतीवर चेंडू मारून परत झेलायचा सराव. सगळे मोठे खेळाडू असेच तयार होतात. जेवणघराच्या मागची भिंत निवडली.

माझ्या झोळीतून चेंडू जरा उशिरा सुटतो. त्यामुळे तो भिंतीकडे न जाता पायाशी आपटतो आणि मग उसळून जिकडे जायचा तिकडे जातो. आज तो स्वयंपाकघरात गेला. आतून बायका ओरडल्या. मुख्य आचारीणबाई मॅक अँड चीजचा डाव हातात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कोण तो, पुढे ये. मी ओटिसचं नाव सांगितलं. त्याला त्या ओळखतात, जास्तीचं वाढतात, काही म्हणणार नाहीत.

सराव बंद. भिंत कमी दर्जाची आहे.

१८ ऑक्टोबर

बफेलोजवळच्या एका हायस्कूलच्या पोरांशी सरावाची मॅच. मोजत नसतात असल्या मॅचेस, म्हणून स्कोअर लिहीत नाही. आमचा गोल नाही झाला, हे एका अर्थी बरंच झालं. पहिला गोल हायस्कूलच्या पोरांवर वाया गेला असता.

मी पास दिला की तो समोरच्याच्या पायाशी पडतो. मार्लन म्हणाला, लेका, तू पास देतोस की पेरणी करतोस? सगळे हसले. मी पण हसलो, मनावर घेतलं नाही. त्यांना खालचे पास घेता येत नाहीत, त्यांनी वाकायचा सराव करायला हवा. कोचला तसं सुचवलं. कोच म्हणाला, आधी तुझी झोळी बघू. तेवढ्यात मला घोट्याचं आठवलं आणि मी डॉक्टरबाईंकडे गेलो.

११ नोव्हेंबर

मी जिथे काम करून फीला हातभार लावतो ते कॉलेजचं प्रसिद्धीचं ऑफिस. तिथल्या मुख्य क्रँडलबाई. अठरा कामं एकदम करतात आणि एकही लक्षात ठेवत नाहीत. आज म्हणाल्या, रसेल, ती पितळी पाटी सांगून टाक. कोरणारा म्हातारा फार वेळ लावतो. वर "टॅलमन कॉलेज, पहिला गोल" एवढं कोरून ठेवायला सांग, नावाची जागा कोरी ठेव, नाव मागाहून.

फोन मीच केला. नाव मागाहून म्हणजे म्हाताऱ्याला दुसरी खेप. एवढ्या थंडीत त्याला कशाला त्रास? नाव सांगून टाकलं. त्याने स्पेलिंग विचारलं, दोनदा सांगितलं.

ही फसवणूक नाही, नियोजन आहे.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला घरी. टर्कीवर सुरी ठेवता ठेवता बाबांनी क्लेटनला विचारलं, काय, नोकरी काय म्हणते? मग मला म्हणाले, आणि तुझं? मी पाटीचं सांगितलं. कपाट, पितळ, हॉल, सगळं. नाव जवळजवळ लागल्यातच जमा आहे, असंही सांगितलं.

क्लेटन म्हणाला, तो जाळीच्या काठीने फुलपाखरं पकडायचा खेळ ना? आई म्हणाली, गप रे, जेवू दे त्याला.  बाबा एकूणच कमी बोलतात. काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतात, दिवसभर एकटेच असतात, सवय गेली आहे. पण जेवण झाल्यावर ते फळीपाशी गेले आणि क्लेटनच्या ट्रॉफ्या थोड्या डावीकडे सरकवल्या. उजवीकडे रिकामी जागा झाली. मग म्हणाले, मॅच कधी आहे?

हे लिहिताना उगीच डोळ्यात पाणी येतंय. कांद्याचं सारण होतं टर्कीत.

१ जानेवारी

निश्चय: (१) रोज पळणे. (२) चिकन विंग्ज पूर्ण बंद. (३) मार्लनचं न ऐकणे.

२ जानेवारी

तिसरा पाळला.

२५ जानेवारी

जवळच्या सरोवरावरून बर्फ आला तो थांबायलाच तयार नाही. मैदान कुठे आहे तेच कळेना. कोचने सगळ्यांच्या हातात फावडी दिली आणि म्हणाला, हाच आजचा व्यायाम. पहिल्या दिवशी टीममध्ये होते त्यातले बरेच जण आता नाहीत. काहींना अभ्यास आठवला, एकाला प्रेम झालं. उरलेल्यांना मी कडेने उभं राहून उत्साह देत होतो. मार्लन म्हणाला, आत्म्या, फावडं उचल. कोणीतरी माझी रोजनिशी वाचतंय की काय अशी शंका आली. मग आठवलं, मीच त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं.

मुलांनी बर्फ काढायचा आणि आमच्या घरी बाबांनीही बर्फच काढायचा. घराण्याचा धंदा.

१० फेब्रुवारी

मोठं काम केलं. कॉलेजच्या रेडिओवर मॅचचं धावतं वर्णन ठेवायला लावलं. रेडिओवाली मुलगी, बेट्सी, म्हणाली, मला त्या खेळातलं काही कळत नाही. म्हटलं, तुला दिसेल ते बोल, फक्त नावं स्पष्ट घे, विशेषतः एक. फोनवरही लागतो तो रेडिओ. आईला, मावशीला, सगळ्यांना कळवलं. क्लेटनलाही कळवलं.

२१ फेब्रुवारी

उद्या मॅच. एल्ड्रिज कॉलेजशी. त्यांची टीम फार जुनी, पण जुनं म्हणजे दमलेलंही असतं.

कोच सगळ्यांच्या काठ्या तपासणार होता. चेंडू ठेवायचा, डोळ्यासमोर धरायची, उजेड दिसला की बाजूला. माझा नंबर आला तेव्हा मी दुकानातून आणलेली दुसरी काठी पुढे केली, हात न लागलेली. कोच म्हणाला, वा, सुधारलास. खोटं काहीच बोललो नाही. तीही काठी माझीच.

मार्लन बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, रसेल, उद्या ती पिशवी आणू नकोस. मी कोचला सांगणार नाही, पण आणू नकोस. त्याला म्हटलं, तुझं काय जातंय? तो म्हणाला, टीम माझी आहे, एवढंच जातंय.

उद्या बोलू म्हणावं. पाटीपाशी.

२२ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहितो, कारण पुढे लोक वाट्टेल ते सांगतील.

सकाळी मैदान परत साफ केलं. बाबा आले, कामाच्याच जाकिटात. हवा बिघडली तर बोलावणं येईल म्हणाले, ट्रक फाटकाबाहेर उभा केला होता. प्रेसिडेंटबाई घोंगडी गुंडाळून पहिल्या रांगेत. बँडही आला होता, ट्युबाशिवाय.

सुरुवातीला एल्ड्रिजने थोडेफार गोल केले. ओटिस जागचा हलला नाही, त्याला मीच तसा शब्द दिला होता. चेंडू त्याला लागले तर अडायचे, आणि तो मोठा असल्यामुळे बरेच लागले. दर वेळी तो माझ्याकडे बघायचा.

मार्लनला त्यांचे दोन दोन लांब काठीवाले बचावपटू चिकटलेले. मला मात्र कोणीच अडवत नव्हतं. माझा धाक पसरला होता, हे उघड आहे. त्यांचा कोच तर माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होता, त्याला सोडा, त्याला सोडा.

मग तो क्षण. मार्लन दोघांत अडकला, त्याने चेंडू माझ्याकडे फेकला. झोळीत गेला. अर्थातच राहिला. बाबांचा फोन वाजलेला मी बघितला होता, ते फाटकाकडे निघाले होते. मार्लन ओरडला, परत दे, परत दे. मी काठी फिरवली. चेंडू जरा उशिरा सुटला, पायाशी आपटला, गोलकीपरच्या डोक्याएवढा उसळला आणि त्याच्या खांद्यावरून आत. असा आपटून मारायचा गोल फार अवघड असतो. मी तो ठरवूनच मारला, परत देण्याचा माझा विचार कधीच नव्हता.

बाबा फाटकात मान वळवून उभे होते. त्यांनी हात वर केला. सबंध वर. मग गेले. मी त्यांना हात वर करताना जन्मात पाहिलं नव्हतं. 

बँड वाजायला लागला. रेफरी पळत आला आणि म्हणाला, काठी दे. मला वाटलं कपाटासाठी. चेंडूबरोबर काठीही ठेवत असतील, शोभाच वाढेल. मी दोन्ही हातांनी दिली आणि म्हटलं, सर, जपून, ही आत जायची आहे. तो म्हणाला, कुठे आत? मग त्याने झोळीत चेंडू ठेवला आणि काठी डोळ्यासमोर आडवी धरली. चेंडूवरून मला पलीकडचं मैदान दिसलं, झाडं दिसली, एल्ड्रिजची बससुद्धा दिसली. रेफरीने काठी उलटी केली. चेंडू पडला नाही. हलवली. पडला नाही. त्याने दुसऱ्या रेफरीला हाक मारली, हे बघायला ये म्हणाला. दोघं हसले. रेफरीने ड्यूटीवर असताना हसू नये.

गोल रद्द. वर मी बाहेर, शिक्षेच्या खुर्चीवर. कोचने टोपी सरळ केली. ती सरळ केलेली मी पहिल्यांदाच बघितली.

आमचा एक माणूस कमी, म्हणजे मी. एल्ड्रिजने जोरात चेंडू मारला, तो ओटिसच्या पोटावर बसला आणि त्याच्या काठीच्या जाळीत पडला. आता गोलकीपरने पास द्यायचा असतो. पण आमच्या प्रत्येकाला त्यांचा माणूस चिकटलेला आणि मोकळं राहणारा एकटा मी, तो खुर्चीवर. म्हणून ओटिस चालू लागला. खरंच, नुसता चालू लागला, बसकडे जातो तसा. एल्ड्रिजवाल्यांना वाटलं आत्ता पास देईल, मग देईल, म्हणून कोणी आपला माणूस सोडेना. अर्ध्या मैदानानंतर तो पळायला लागला. मी खुर्चीवरून ओरडत होतो, पास दे, अरे पास दे. त्यांच्या गोलकीपरने एवढा मोठा देह अंगावर येताना बघितला आणि तो बाजूला झाला. ओटिसने चेंडू आत टाकला. मारला असं म्हणता येणार नाही. ठेवला.

सगळी टीम त्याच्यावर पडली. प्रेसिडेंटबाईंची घोंगडी पडली. ओटिस उठून धापा टाकत माझ्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, पळावं लागलं रे.

मॅच हरलो. आमचा तो एकच. एल्ड्रिजचे किती ते बेट्सीला विचारावं, मी मोजणं सोडलं होतं.

२३ फेब्रुवारी

आईचा फोन. म्हणाली, मला तो रेडिओ लावताच आला नाही, पण बाबांनी सांगितलं, गोल मारलास म्हणे. म्हटलं, हो. बाकीचं सांगितलं नाही. विचारलं नाही तर कशाला सांगायचं? म्हणाली, आठ मार्चला सगळे येतो, क्लेटनलाही आणतो, कपाट बघायला. बाबांनीच ठरवलंय.

मार्लन रूमवर आला, काठी मागितली आणि तिथेच बसून दोऱ्या ताणून दिल्या.  त्याने काही ऐकवलं नाही, हे जास्त लागलं. जाताना म्हणाला, तुझा तो उसळलेला बॉल, दिसायला मात्र झकास होता.

३ मार्च

पाटी आली. "पहिला गोल, रसेल टिंकहॅम." क्रँडलबाईंनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, म्हाताऱ्याने हे नाव स्वप्नात बघितलं का रे? मी म्हटलं, फोनवर आवाज नीट येत नसेल.

नवी पाटी बसत नाही म्हणाल्या, बजेटमध्ये. पितळ पितळ आहे, मागची बाजू कोरीच आहे, तिकडे कोरून आण. मीच नेऊन दिली. म्हातारा म्हणाला, नाव बदललं वाटतं पोरा? आणि ओटिसचं नाव त्याने डोळ्यादेखत कोरून दिलं. वेळ लागतो म्हणे. एवढासाही वेळ लागला नाही.

५ मार्च

चेंडू कपाटात बसला. टाळ्या झाल्या. ओटिसने ट्युबा वाजवला.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. कपाटाच्या आत मागे आरसा आहे. डाव्या कोपऱ्यात गुडघे वाकवून मान तिरकी केली की पाटीची मागची बाजू आरशात दिसते. उलटी, पण दिसते. म्हणजे नाव कपाटात लागलंच आहे. मी सांगितलेलं सगळं शब्दशः खरं ठरलं.

निश्चय: शनिवारी बाबांना डाव्या कोपऱ्यातच उभं करायचं.

८ मार्च

आले. बाबा आज चांगल्या कोटात. आईने केस सेट केलेले. क्लेटन मोबाइल बघत.

मी त्यांना डावीकडून नेलं. बाबांना म्हटलं, इथून बघा, थोडं वाका. बाबांची कंबर धरलेली असते, तरी ते वाकले, गुडघ्यावर हात ठेवून. बराच वेळ वाकून होते. ओठ हलत होते, उलटं वाचत होते. मग सरळ झाले, चार पावलं चालून पाटीच्या समोर गेले आणि सुलटं वाचलं.

एवढ्यात ओटिस आला, तळघरातून, बाथरूमला गेला होता. बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, फेनर ना तू? शाब्बास. मी ट्रकमध्ये रेडिओवर ऐकत होतो, शेवटपर्यंत. ती मुलगी म्हणत होती, जाड मुलगा चालतोय, जाड मुलगा अजून चालतोय. मी ट्रक बाजूला घेतला होता.

म्हणजे बाबांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. काठी, उजेड, खुर्ची, सगळं. बेट्सीला मीच सांगितलं होतं, नाव स्पष्ट घे. तिने घेतलं असणार.

क्लेटन काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. बाबा त्याला म्हणाले, गाडी गरम कर जा. मला म्हणाले, उभा राहा तिथे, फोटो काढू. मी कपाटापाशी उभा राहिलो. ओटिस बाजूला व्हायला लागला तर मी म्हटलं, थांब की. तो म्हणाला, नको, तुझे आईबाबा आहेत, तूच राहा. बाबांनी फोटो काढला. 

नंतर फिश फ्राय खायला गेलो. कोणी कपाटाचा विषय काढला नाही. बाबांनी स्वतःच्या ताटातला माशाचा मोठा तुकडा मला दिला. मी खाल्ला.

१६ मार्च

दुसरी मॅच हरलो. काठी आता नियमात आहे, चेंडू राहत नाही.

आईचा फोन. बाबांनी फोटो फ्रेम करून आणला आणि स्वतः फळीवर ठेवला, क्लेटनच्या ट्रॉफ्यांच्या उजवीकडे, त्या रिकाम्या जागेत. पडत नाही म्हणाली. फोटो फार स्वच्छ आलाय, मी हसतोय, आणि माझ्या कोपराशी पाटी आहे, तिच्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं.

काल शेजारच्या गॉर्मलीबाई आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला, पाटी वाचली आणि आईला म्हणाल्या, बरं झालं हो, तुमच्या ओटिसने नाव काढलं.

आईने थँक्यू म्हटलं आणि त्यांना कॉफी दिली.